प्रिव्ह्यूंचं फोल्डर १४० जीबीचं झालंय, उडवलं तर एक्स्पोर्टवर परिणाम होतो का?

रानपिंगळा:

नमस्कार मंडळी. लाइटरूम क्लासिक या अ‍ॅडोबीच्या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम करतो. फोटो पक्ष्यांचे, म्हणजे एका झेपेच्या तीस फ्रेम घ्यायच्या आणि त्यातली एक ठेवायची, असा सगळा कारभार. रॉ फाइल्स (कॅमेऱ्याने टिपलेला, प्रक्रिया न केलेला मूळ डेटा) बाहेरच्या ४ टीबीच्या डिस्कवर, कॅटलॉग लॅपटॉपच्या ५१२ जीबीच्या एसएसडीवर. एकूण वीसेक हजार फोटो. जागा संपत आल्याची सूचना यायला लागली म्हणून शोधाशोध केली, तर कॅटलॉगच्या शेजारचं ‘प्रिव्ह्यूज.एलआरडेटा’ नावाचं फोल्डर १४० जीबी अडवून बसलंय. त्याच्या बाजूला ‘स्मार्ट प्रिव्ह्यूज.एलआरडेटा’ म्हणून आणखी एक आहे, ते पंधरा-सोळा जीबीचं.

पहिलं फोल्डर उडवलं तर केलेलं एडिटिंग जाईल का, हा साधा प्रश्न. जास्त छळतोय तो दुसरा. एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअर मूळ रॉ वाचतं, की याच प्रिव्ह्यूवरून जेपीईजी काढून देतं? विचारायचं कारण असं, की लायब्ररीत, म्हणजे फोटो चाळायच्या भागात, फोटो स्वच्छ दिसतो, डेव्हलपमध्ये, म्हणजे एडिटिंगच्या भागात, गेलो की थोडा वेगळा, आणि एक्स्पोर्ट केलेला उघडला की मोकळ्या आभाळात चक्क दाणे. शिवाय खंड्याचा निळा रंग तिन्ही ठिकाणी तीन तऱ्हांचा. मग खरा कोणता धरायचा? लवकरच एका प्रदर्शनासाठी २० इंच रुंदीचा प्रिंट द्यायचा आहे, तेव्हा हे नीट समजून घ्यायचंय.

शटरबंद:

बिनधास्त उडवा. कॅशे आहे ती, पुन्हा तयार होते. एडिटिंग कॅटलॉगमध्ये असतं. एक्स्पोर्ट नेहमी रॉवरूनच होतो, प्रिव्ह्यूचा त्यात काही संबंध नाही. जागा मोकळी झाली की लाइटरूम थोडे दिवस रडत चालेल, मग ठीक.

छापखाना:

उडवायला हरकत नाही, पण ‘बिनधास्त’ आणि ‘नेहमी’ हे दोन शब्द मी काढून टाकेन.

आधी उडवण्याचं. लाइटरूम बंद करा, बाहेरची डिस्क जोडलेली असू द्या, आणि त्या जागेतल्या दुसऱ्या कशाला हात लावू नका. ज्या फाइलचा शेवट ‘एलआरकॅट’ने होतो तो तुमचा कॅटलॉग. तुम्ही केलेलं सगळं तिथे आकड्यांच्या रूपात आहे: एक्स्पोजर इतकं वाढवलं, सावल्या इतक्या उजळल्या, कडा इथून कापल्या. तिच्याच नावाची, पण ‘एलआरकॅट-डेटा’ने संपणारी आणखी एक असते. २०२१ साली ११वी आवृत्ती आली आणि नवं मास्किंग आलं, तेव्हापासून ही दिसायला लागली. मास्कचा मजकूर हिच्यात राहतो. नावात ‘डेटा’ दिसतंय म्हणून हिला एलआरडेटाची बहीण समजून कचऱ्यात टाकलीत, तर मात्र रडायची पाळी तुमची.

‘प्रिव्ह्यूज.एलआरडेटा’ मध्ये फक्त जेपीईजी आहेत. रॉ अधिक तुमचे आकडे, यावरून एकदा चित्र तयार करून ठेवलेलं, लायब्ररीत भराभर पुढे-मागे जाता यावं म्हणून. रॉ आहे आणि आकडे आहेत तोवर ते कितीही वेळा पुन्हा बनतं. डिस्क जोडा म्हणाले ती एवढ्यासाठीच. आणि एखादी रॉ कायमची हरवली असेल तर? मग त्या फोटोची उरलेली एकमेव प्रत हा प्रिव्ह्यूच असू शकतो, आणि त्यातून जेपीईजी बाहेर काढण्याची साधनं मिळतात. तेव्हा उडवण्यापूर्वी लायब्ररी मेनूतलं ‘फाइंड ऑल मिसिंग फोटोज’ एकदा चालवून बघा. काही सापडलंच तर आधी त्याची सोय लावा.

खरं तर सगळं फोल्डर उडवायची गरजच नसावी. जागा खाणारे प्रिव्ह्यू म्हणजे १:१ वाले, पूर्ण आकाराचे. स्टँडर्ड प्रिव्ह्यू तुमच्या स्क्रीनच्या लांब बाजूएवढा असला की पुरतो, तो फार जागा घेत नाही. कॅटलॉग सेटिंग्जमध्ये ‘फाइल हँडलिंग’ उघडा. तिथे १:१ प्रिव्ह्यू एका दिवसाने, आठवड्याने, ३० दिवसांनी टाकून द्यायचे की कधीच नाही, हे विचारलेलं असतं. तुमच्याकडे ‘नेव्हर’ असणार, नाहीतर वीस हजार फोटोंना १४० जीबी लागत नाहीत. ते ३० दिवसांवर आणा, आणि लायब्ररी मेनूतून, प्रिव्ह्यूजच्या खालून, ‘डिस्कार्ड १:१ प्रिव्ह्यूज’ करा. नव्या आवृत्त्यांत प्रिव्ह्यूंनी एकूण किती जागा घ्यायची यावरही मर्यादा घालता येते.

आता ‘स्मार्ट प्रिव्ह्यू’. नाव सारखं असलं तरी ही जात वेगळी. २०१३ मध्ये पाचव्या आवृत्तीबरोबर आले हे. ते जेपीईजी नसून थोडी गुणवत्ता सोडून दाबलेली डीएनजी फाइल असते, लांब बाजू जास्तीत जास्त २५६० पिक्सेलची. म्हणजे रॉसारखीच, पण छोटी. डिस्क घरी आणि तुम्ही बाहेर असलात तरी तिच्यावर एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं फिरवता येतं. अ‍ॅडोबी स्वतः देते ते उदाहरण असं: ५०० रॉ मिळून १४ जीबी असतील, तर त्यांचे स्मार्ट प्रिव्ह्यू साधारण ४०० एमबी. डिस्क न जोडता काम करत असाल तर हे फोल्डर राहू द्या, जागेच्या मानाने त्याचा उपयोग पुष्कळ आहे.

आणि इथेच ‘एक्स्पोर्ट नेहमी रॉवरूनच’ हे अर्धं खरं ठरतं. डिस्क जोडलेली असेल तर होय: लाइटरूम रॉ उघडतं, आकडे पहिल्यापासून लावतं, चित्र नव्याने घडवतं. प्रिव्ह्यूच्या फोल्डरकडे बघतही नाही. डिस्क नसेल आणि स्मार्ट प्रिव्ह्यू असेल, तर एक्स्पोर्ट तरीही होतो, पण त्या २५६० पिक्सेलांतून. ६००० × ४००० ची रॉ असेल तर २४ मेगापिक्सेलांऐवजी साडेचारसुद्धा नाहीत. लॅपटॉपच्या पडद्यावर फरक कळणार नाही. प्रिंटमध्ये कळेल. डेव्हलपमध्ये हिस्टोग्रामच्या (उजेड-रंगाच्या आलेखाच्या) खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: ‘ओरिजिनल फोटो’, ‘ओरिजिनल + स्मार्ट प्रिव्ह्यू’, किंवा नुसतं ‘स्मार्ट प्रिव्ह्यू’. प्रिंटसाठी फाइल काढताना यातली तिसरी ओळ दिसली तर थांबायचं.

दुसरा अपवाद प्रिंट मोड्यूलमधला. तिथे ‘ड्राफ्ट मोड प्रिंटिंग’ नावाची एक चौकट आहे. तिच्यात खूण असली की लाइटरूम साठवलेल्या प्रिव्ह्यूवरून छापतं आणि शार्पनिंग, रंगव्यवस्थापन दोन्ही बाजूला ठेवतं. कॉन्टॅक्ट शीट काढायला छान, प्रदर्शनाला नको.

मी प्रीप्रेसमधून, म्हणजे छपाईआधीच्या तयारीच्या कामातून, आलेली, म्हणून हे जरा जास्त बोलते. आमच्याकडे फार पूर्वी मोठी स्कॅन सर्व्हरवर राहायची आणि पान लावणाऱ्याला तिची लो-रेझ प्रत मिळायची, फक्त जागा धरण्यापुरती. पान हलकं राहायचं, काम पटापट व्हायचं. फिल्म काढताना लो-रेझच्या जागी मोठी फाइल आपोआप बसायची. दुवा तुटला तर? लो-रेझच छापली जायची, आणि स्क्रीनवर तर दोन्ही सारख्याच दिसत. तेव्हापासून कुठल्याही सॉफ्टवेअरला मी पहिला प्रश्न हाच विचारते: आत्ता मला दाखवतोयस ते कशावरून?

तुमच्या आभाळातल्या दाण्यांचं उत्तर त्यातच आहे. ‘फिट’ करून बघता तेव्हा ६००० पिक्सेलांची रुंदी समजा १५०० मध्ये बसते. प्रत्येक बाजूला चारास एक, म्हणजे सोळा पिक्सेलांची सरासरी होऊन एक ठिपका दिसतो. सरासरीत विखुरलेले दाणे एकमेकांना मारतात आणि आभाळ गुळगुळीत होतं. जेपीईजी पूर्ण आकारात काढून १०० टक्क्यांवर उघडली की ते दाणे, जे पहिल्यापासून तिथे होतेच, समोर येतात. म्हणून नॉइज आणि शार्पनिंग यांचा निवाडा १००% वरच करायचा. डीटेल पॅनेलमध्ये कमी झूमवर एक छोटी उद्गारचिन्हाची खूण येते ना, ती हेच सांगत असते. आभाळात शार्पनिंग लागूच नको असेल तर त्याच पॅनेलमधली ‘मास्किंग’ची पट्टी ऑल्ट (मॅकवर ऑप्शन) दाबून सरकवा. पांढरं दिसतं तिथे शार्पनिंग, काळं दिसतं तिथे नाही. पिसांच्या कडा पांढऱ्या आणि आभाळ काळं झालं की सोडा.

लायब्ररी आणि डेव्हलपमधला फरक: लायब्ररीत साठवलेली जेपीईजी दिसते, अ‍ॅडोबी आरजीबी या रंगक्षेत्रात (म्हणजे दाखवता येणाऱ्या रंगांच्या ठरलेल्या हद्दीत). डेव्हलपमध्ये चित्र तिथल्या तिथे घडतं, त्याहून बऱ्याच रुंद रंगक्षेत्रात. त्यामुळे खरा कोणता विचाराल तर काम करताना डेव्हलप, १००% वर. खंड्याच्या रंगाबद्दल वेगळं लिहिते, हे आधीच लांबलंय.

रानपिंगळा:

ताई, एवढं सविस्तर कुणी समजावलं नव्हतं. ‘नेव्हर’च होतं! बदललं. ‘मिसिंग’मध्येही काही निघालं नाही.

आता दोन-तीन उपप्रश्न. प्रेफरन्सेसच्या परफॉर्मन्समध्ये ‘एडिटिंगसाठी ओरिजिनलऐवजी स्मार्ट प्रिव्ह्यू वापरा’ अशी खूण मी करून ठेवलीय, लॅपटॉप जुना आहे म्हणून. मग डिस्क जोडलेली असली तरी एक्स्पोर्ट लहान येईल का?

दुसरं, प्रदर्शनाचा फोटो ६००० × ४००० चा होता, पण पक्षी लांब असल्याने कापून कापून ३४०० पिक्सेल रुंदी उरलीय. २० इंचाला पुरेल? एक्स्पोर्टच्या खिडकीत रेझोल्यूशनमध्ये ३०० टाकलं तर सुधारेल का? आणि क्वालिटी मी सरसकट १०० ठेवतो, ती बरोबर आहे ना?

उघडझाप:

मी डार्कटेबलवाला (लाइटरूमसारखंच दुसरं सॉफ्टवेअर), पण प्रश्न सगळीकडे तोच असल्याने मध्ये तोंड घालतो.

डार्कटेबलमध्ये छोट्या प्रतिमा लिनक्सवर होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘.कॅशे’मध्ये साठतात. उडवल्या तर पुन्हा बनतात. एडिटिंग रॉच्या शेजारी एक्सएमपी फाइलमध्येही लिहिलं जातं. (रॉथेरपी या आणखी एका तशाच सॉफ्टवेअरमध्ये हेच काम पीपी३ फाइल करते.) मला हे जास्त आवडतं: डिस्क उचलून दुसऱ्या संगणकाला लावली की फोटो आणि केलेलं काम सोबतच येतं. लाइटरूमही एक्सएमपी लिहू शकतं, पण तसं सांगावं लागतं.

एक्स्पोर्टबाबत एक गोष्ट डार्कटेबल उघडपणे विचारतं, जी बाकीचे विचारत नाहीत: ‘हाय क्वालिटी रिसॅम्पलिंग’ हो की नाही. ‘नाही’ म्हटलं तर चित्र आधी लहान होतं आणि मग सगळी प्रक्रिया त्या लहान चित्रावर. वेळ कमी लागतो. ‘हो’ म्हटलं तर पूर्ण आकारावर प्रक्रिया आणि शेवटी लहान. डार्करूममध्ये (डार्कटेबलच्या एडिटिंगच्या भागात) फिट करून बघतो तेव्हाही साधारण पहिल्यासारखंच चालतं, म्हणून शार्पनिंग आणि नॉइजसारखी बारीक त्रिज्येची मोड्यूल्स लहान चित्रावर एक दाखवतात आणि एक्स्पोर्टमध्ये दुसरंच निघतं. आता डार्करूममध्येही पूर्ण आकारावर प्रक्रिया करून दाखवणारं बटण आलंय, ते दाबलं की जुन्या मशीनचा पंखा लगेच बोलायला लागतो. रॉथेरपीत तर काही साधनांचा परिणाम १:१ शिवाय दिसतच नाही, आणि त्यांच्या नावापुढे तशी ‘१:१’ची खूण असते. प्रामाणिक वाटतं मला ते.

रानपिंगळा, तुम्ही तीस फ्रेममधून एक निवडता म्हणून सांगतो: निवड आयात करण्याआधीच करा. प्रत्येक रॉच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेली जेपीईजी असते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसते तीच. फोटो मेकॅनिकसारखे बघण्याचे प्रोग्राम तीच उचलून दाखवतात, म्हणून ते वाऱ्यासारखे पळतात. लाइटरूममध्येही आयात करताना प्रिव्ह्यूचा प्रकार ‘एम्बेडेड अँड साइडकार’ ठेवता येतो. आयातीनंतर क्षणभर फोटो झणझणीत दिसून मग फिका पडतो तो याचमुळे: आधी कॅमेऱ्याची जेपीईजी, मग अ‍ॅडोबीने स्वतः लावलेला अर्थ. प्रोफाइलमध्ये ‘कॅमेरा मॅचिंग’ निवडलं की बराचसा जवळ येतो.

फक्त या पोटातल्या जेपीईजीचा आकार कॅमेऱ्यागणिक बदलतो. निकॉनच्या रॉमध्ये बहुधा पूर्ण आकाराची असते. सोनीच्या बऱ्याच मॉडेलांत १६१६ × १०८० ची. तेवढ्यात पक्ष्याची पोझ कळते, पण डोळ्यावर फोकस बसलाय का हे कळत नाही. तिथे १:१ प्रिव्ह्यूच लागतो. निवड झाली की तो फेकून द्या.

छापखाना:

उघडझाप यांचं एक्सएमपीबद्दलचं म्हणणं मान्य. सगळा जीव एका कॅटलॉगमध्ये ठेवणं मलाही पटत नाही, म्हणून मी दोन्हीकडे लिहवून घेते.

रानपिंगळा, ती परफॉर्मन्समधली खूण असू द्या. तिच्याजवळच लिहिलंय की काम करताना दर्जा कमी दिसू शकेल, अंतिम फाइल मात्र पूर्ण आकाराची येईल. डिस्क जोडलेली असली की एक्स्पोर्ट रॉवरून होतो. फक्त २५६० च्या चित्रावर नॉइज आणि शार्पनिंग ठरवू नका. रंग, उजेड, काप हे तिच्यावर खुशाल करा, आणि प्रिंटचा फोटो शेवटी खूण काढून १००% वर तपासा.

तुमच्या प्रिंटचा हिशोब. ३४०० भागिले २० म्हणजे इंचाला १७० पिक्सेल. पुस्तिकेसारखं हातात धरून बघायचं असेल तर कमी. भिंतीवर, दोन पावलं लांबून बघायचं असेल तर चालतं, मॅट कागदावर तर नक्कीच. आता हाच फोटो चुकून स्मार्ट प्रिव्ह्यूवरून निघाला असता तर? काप तोच लागतो, म्हणजे २५६० पैकी साधारण १४५० पिक्सेल उरले असते. भागिले २०: बहात्तर. पिसांचा चोथा. कापलेल्या फोटोंच्या बाबतीत त्या ‘स्मार्ट प्रिव्ह्यू’ ओळीवर मी एवढं का घसरले, ते लक्षात आलं असेल.

रेझोल्यूशनच्या चौकटीतले ३०० ही नुसती चिठ्ठी आहे. ‘रिसाइझ टु फिट’ला खूण नसेल, तर तिथे ७२ टाका, ३०० टाका, नाहीतर ९०००, पिक्सेल तेवढेच निघतात. आकार इंचांत सांगितलात तरच तो आकडा गुणाकारात येतो. २० इंच आणि ३०० म्हटलं की लाइटरूम ६००० पिक्सेल बनवून देईल, म्हणजे ३४०० ताणून. ताणायचंच असेल तर २०२१ पासून मिळणारं ‘सुपर रेझोल्यूशन’ करून बघा. ते दोन्ही बाजू दुप्पट करतं, आणि कडा साध्या ताणण्यापेक्षा बऱ्या राहतात. माझं मत विचाराल तर पक्ष्यांच्या पिसांवर ते जपून वापरा. काही ठिकाणी ते पोत रचतं, जो त्या पक्ष्याच्या अंगावर नव्हता. आधी एका कोपऱ्याचा छोटा तुकडा प्रत्यक्ष मापात छापून बघा, साधा आणि सुपर दोन्ही. प्रूफ बघितल्याशिवाय प्लेट लावायची नाही, ही सवय सुटत नाही.

आउटपुट शार्पनिंगमध्ये स्क्रीन, मॅट, ग्लॉसी असे तीन पर्याय आहेत. प्रिंट देणार आहात तर कागदाप्रमाणे मॅट किंवा ग्लॉसी, आणि प्रमाण ‘स्टँडर्ड’. तुमच्या आभाळातले दाणे उठून दिसण्यात इथल्या ‘हाय’चाही हात असू शकतो, आणि तो डेव्हलपमध्ये दिसत नाही, कारण हे शार्पनिंग एक्स्पोर्टच्या वेळीच लागतं.

क्वालिटी १०० हा फुकट खर्च आहे. पट्टी ० ते १०० दिसते, पण आत फोटोशॉपसारख्याच १३ पायऱ्या आहेत. ९३ ते १०० सगळे एकच, ७७ ते ८४ एकच. वेबसाठी ८० ठेवा, प्रिंटसाठी ९२. फाइल फुगते ती शेवटच्या पायऱ्यांवर, डोळ्याला मिळत काही नाही. मात्र आलेली जेपीईजी पुन्हा उघडून, बदलून, पुन्हा जेपीईजी करू नका. दर वेळी ८ × ८ पिक्सेलांच्या चौकोनांत पुन्हा दाबली जाते. प्रिंट करणारा टिफ घेत असेल तर १६ बिटची टिफ द्या, आभाळाच्या उतरत्या निळाईत पट्टे पडण्याची भीती कमी.

राहिला खंड्या. त्याच्या पाठीचा चमकता निळसर-हिरवा एसआरजीबी या लहान रंगक्षेत्राच्या हद्दीबाहेर सहज जाऊ शकतो. एसआरजीबी १९९६ ची, त्या वेळच्या काचेच्या नळीच्या मॉनिटरांना जे रंग दाखवता येत त्यावर बेतलेली. डेव्हलपमध्ये रंग मोकळा असतो, एसआरजीबीत एक्स्पोर्ट करताना तो कुंपणावर आपटतो आणि पाठीवरचे बारीक फरक एकाच निळ्यात सपाट होतात. डेव्हलपमध्ये असताना ‘एस’ दाबा, सॉफ्ट प्रूफिंग (एक्स्पोर्टनंतर किंवा कागदावर रंग कसे दिसतील याची झलक) सुरू होईल. प्रोफाइल एसआरजीबी निवडा आणि हिस्टोग्रामच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातली हद्दीची खूण दाबा. बाहेर जाणारे रंग लाल दिसतील. मग फक्त त्या निळ्याचं सॅच्युरेशन थोडं उतरवा, पोत परत येतो. लाइटरूम त्यासाठी वेगळी ‘प्रूफ कॉपी’ करून देतं, मूळ काम तसंच राहतं. प्रिंट करणाऱ्याकडून त्याच्या कागदाचं प्रोफाइल मिळालं तर याच जागी ते लावा.

आणि वेबसाठी प्रोफोटो आरजीबी या फार रुंद रंगक्षेत्रात कधीही काढू नका. प्रोफाइल न वाचणाऱ्या ठिकाणी तो फोटो मेलेला, मातकट दिसतो.

रानपिंगळा:

सॉफ्ट प्रूफिंगमध्ये पाठ अर्धी लाल! आता कळलं. १:१ फेकल्यावर जागाही भरपूर सुटली.

एकच शेवटचं. २०४८ पिक्सेलची जेपीईजी काढली, क्वालिटी ८०, आउटपुट शार्पनिंग स्क्रीन-स्टँडर्ड. लाइटरूममध्ये १००% वर धारदार, ब्राउझरमध्ये उघडली की किंचित मऊ. दोन्हीकडे १००% च आहे. हा फरक कसला?

उघडझाप:

तुमचा पडदा दाट पिक्सेलचा आहे का? सिस्टिम सेटिंग्जमध्ये स्केलिंग १५० किंवा २०० टक्के दिसत असेल तर उत्तर तेच. फोटोचे प्रोग्राम १००% म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर असं धरतात. ब्राउझर स्केलिंगचा मान राखतो. २००% ला फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या चार पिक्सेलांवर पसरतो, म्हणजे प्रत्यक्षात तुम्ही दुप्पट मोठा करून बघताय. ब्राउझरचा झूम ५०% करा, लाइटरूमसारखाच दिसेल.

छापखाना:

आणि तो मऊपणा बघून शार्पनिंग ‘हाय’ करू नका. साध्या पडद्यावर बघणाऱ्यांना त्या कडांभोवती पांढऱ्या रेघा दिसतील. दाट पडद्यांवरही चांगला दिसायला हवा असेल तर २०४८ ऐवजी मोठा आकार काढा, आणि वेबपानाला तो अर्ध्या मापात दाखवू द्या. फाइल जड होईल, पण तिथे क्वालिटी ७० वर आणली तरी चालते, कारण दाबल्याच्या खुणाही अर्ध्या मापात बारीक होतात.